लपवून पूजा लागत नाही

फौजदाराने छापायच्या यंत्रावरचा झेंडू काठीने खाली पाडला आणि विचारलं, हे कोणाचं, तर माझा बापूस मास्तरांकडे बोट करून म्हणाला, यांचं साहेब, आम्ही अडाणी माणसं, आम्हाला काय ठाऊक. मास्तर आमच्याच ओट्यावर दसऱ्याचं जेवायला बसले होते. हात ताटातच होता त्यांचा. मी दारात उभी होते, सगळं पाहिलं.

आम्ही कोपरच्या खाडीकडचे, मिठागरात राबणारे. तेव्हा लढाई चालू होती, राज्य इंग्रजांचं. आमच्या शाळेचे मास्तर चोरून पेपर काढायचे, सरकारविरुद्धचा. शाईचा रूळ फिरवला की कागद छापून निघायचा. ते यंत्र आमच्या मिठाच्या कोठारात, गवताखाली. आणि रूळ बापूसच फिरवायचा, हे लिहा तुम्ही, तोच फिरवायचा, दंड भरलेले होते ना त्याचे, मास्तर लगेच दमायचे. त्याला वाचता येत नव्हतं, पण विचारायचा, काय मास्तर, आज काय शिव्या घातल्या गोऱ्याला, आणि पोट धरून हसायचा. आय ते कागद सुकटीच्या टोपलीत तळाला घालून ठाण्याला न्यायची. पोलीस नाक दाबून बाजूला व्हायचे.

आता दसऱ्याला आमच्यात अवजारं पुजतात. फावडी, कोयते, मीठ ओढायची फळी, सगळं धुऊन ओट्यावर मांडायचं. आयने यंत्रही आणून मांडलं. बापूस ओरडला, अगं बये, ते आत ने. आय म्हणाली, वर्षभर राबलं ते, सगळ्यांना फूल आणि यालाच नाही? लपवून पूजा लागत नाही. बापसाने यंत्र तिथेच राहू दिलं. त्यालाही पटलं असणार, काय सांगू.

सकाळी पोलीसपाटील सोनं द्यायला आला. हसून म्हणाला, काय गो वैनी, मीठ काढायला नवीन हत्यार आणलं काय? आय पण हसली. त्याने आपट्याचं पान दिलं, बापसाला मिठी मारली, गूळखोबरं खाल्लं. तो गेल्यावर तरी यंत्र उचलायचं, पण मांडलेली पूजा संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत आमच्यात. दुपारी तोच फौजदाराला घेऊन आला.

मास्तर उठले, हात धुतले, म्हणाले, हो, माझंच. मी इथे ठेवलं, यांना काही सांगितलं नव्हतं. बापसाच्या हाताला तेव्हाही शाई होती. तो ते हात धोतरात पुसत राहिला. मास्तरांना मारत नेलं आणि आमच्यातलं कोणी ओट्यावरून खाली उतरलं नाही. शाळेला दुसरा मास्तर आला नाही, माझी चौथी तिथेच संपली.

आता मिठागराची जमीन गेली, टॉवर झाले, पोरं गाड्या उडवतात. नातू म्हणतो, आजी, यंत्र आपल्याच घरात होतं ना, मग सोसायटीत बोर्ड लावू, स्वातंत्र्यसैनिकाचं घराणं. मी म्हटलं, घरात होतं रे, पण दारात विचारलं तेव्हा आमचं नव्हतं. बोर्ड लावलास तर मी माझ्या हाताने काढीन. तो म्हणतो, किती जुनं धरून बसलीस. बसली तर बसली.

मास्तर तुरुंगात तापाने गेले. त्यांना बायकामुलं नव्हती. आय-बापूस म्हातारे होऊन घरात, अंथरुणावर गेले. मी अजून आहे.