मोटारीची खांदेमळणी

पोळ्याचं निघालंच आहे तर ऐका. निजामाच्या काळात शहागडात आमच्या काकांची मोटार होती. तिच्या इंजिनातून तेल गळायचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी जालन्याचा करीममिस्त्री आला, गास्केट बदललं, चार नवे प्लग बसवले आणि मुक्कामाला राहिला.

सकाळी काकांना तहसीलदारांकडे निघायचं, तर मोटार सुरूच होईना. झाकण उघडलं, इंजिन पुन्हा तेलकट.

"मिस्त्री, गळती थांबलीच न्हाई," काका म्हणाले.

मिस्त्रीनं बोट फिरवून वास घेतला. "साहब, ये तेल नहीं. लोणी है, हळदी भी है."

आमचा सालगडी सखाराम पुढं आला. "रात्री बैलांचे खांदे मळले, मंग हिचे बी मळले. वढती तर ही बी."

"अन् प्लग लाल कशानं?"

"हिंगूळ लावला, मालक. पर हिला शिंगं चार. एकाला पुरला न्हाई."