भोवऱ्याचा जोकर चोरीस गेल्याबाबत

नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे; कामावर मला सगळे टेलर म्हणतात. वय सत्तावन्न. धंदा: करमणूक उद्यानात उंची मोजणे. राहणार पाण्याच्या टाकीमागची तीन मजली इमारत, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिले दार.

मी आज सोमवारी पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी आलो आहे, पूर्ण शुद्धीत आहे, आणि हवालदारांनी विचारले तसे सांगतो की, मी अठ्ठावीस वर्षे कपडे शिवण्याचे काम केले. लोक तयार कपडे घेऊ लागले तेव्हा दुकान बंद करून नऊ वर्षांपूर्वी उद्यानात लागलो. घरी पत्नी, मुलगा, सून आणि साडेपाच वर्षांची नात आहे. नातीची उंची एकशे सात सेंटिमीटर आहे. हवालदार म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, लिहा, लागेल.

माझी नेमणूक भोवरा या राइडच्या दारात आहे. भोवरा आधी गोल फिरतो, मग तिरका होतो, मग माणसाला उलटा करतो. त्याच्या दाराशी प्लायवूडचा एक जोकर बोल्ट लावून उभा केलेला आहे. त्याने डावा हात आडवा धरला आहे आणि तो हात जमिनीपासून एकशे वीस सेंटिमीटरवर आहे. ज्याचे डोके त्या हाताला लागते तो आत जातो, ज्याचे लागत नाही तो रडत परत जातो. रडणाऱ्याची समजूत काढणे हेही माझेच काम. बूट काढायला लावणे, केसांचा फुगा दाबून बघणे, उचललेल्या टाचा खाली टेकवणे ही कामे मी चोख करतो. एका वडिलांनी मुलीच्या बुटांत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या होत्या. मी त्या काढून त्यांच्याच हातात दिल्या आणि म्हणालो, ती खाली उभी आहे तोवर वाचत बसा. तशी माझ्यावर तक्रार झालेली आहे.

एकशे वीसच कशाला, ते सांगतो. भोवऱ्यात बसल्यावर वरून लोखंडी दांडा खाली येतो आणि दोन्ही खांद्यांवर टेकतो. मूल बुटके असेल तर दांडा खांद्यांपर्यंत पोचतच नाही, कानांशीच अडकतो. खालून मूल मोकळे. कपडा अंगावर बसला की नाही हे मला लांबून कळायचे, तसेच दांड्याचेही कळते.

आता समतोलाबद्दल. गेल्या हंगामात सूचनापेटीत पत्रे फार आली. बहुतेकांचे म्हणणे एकच होते की थरार फार झाला, घरच्या सगळ्यांना घेऊन आलो तर बसायचे कशात? एका आजींनी लिहिले होते, "मी दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभी होते. त्या मी घरीही सांभाळते, आणि तिथे बसायला खुर्ची आहे." हे पत्र मुख्य कार्यालयात गेले. तिथून हुकूम आला की थरारक आणि कौटुंबिक आकर्षणे समसमान करून पंधरा दिवसांत तसा तक्ता पाठवा. नवीन काही बांधा असे हुकमात नव्हते.

उद्यानात एकूण चौदा आकर्षणे आहेत. त्यांतली दहा थरारक. कौटुंबिक चार, म्हणजे लाकडी घोड्यांचा गोल, छोटी आगगाडी, हौदातल्या होड्या, आणि चौथे म्हणजे हरवलेली मुले आणून बसवायची खोली. त्या खोलीचे नाव तक्त्यात ‘कौटुंबिक पुनर्भेट’ असे आहे. रविवारी तिथे गर्दी चांगली असते, हे मान्य करायला हवे.

गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता व्यवस्थापक साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावले. साहेब मनाने वाईट नाहीत. हुशार आहेत, फक्त ती हुशारी कुठे आवरायची हे त्यांना उमजत नाही. त्यांनी फळ्यावर दोन रकाने आखले आणि म्हणाले, "दहा आणि चार. इथले तीन उचलून तिकडे टाकले की सात-सात. झाला समतोल! एवढ्यासाठी कशाला डोक्याला हात लावून बसायचं?"

पहिले भुताचे घर गेले. साहेब म्हणाले, "नावातच घर आहे. घर आलं की कुटुंब आलंच." दुसऱ्या त्या रबरी कडांच्या, एकमेकींवर आपटायच्या गाड्या गेल्या. त्यावर साहेब म्हणाले, "घरात तरी दुसरं काय चालतं?" सगळे हसले. मीही हसलो, खोटे कशाला सांगू. तिसरे कोणते ते मात्र ठरेना. तेव्हा तिकीटखिडकीवरच्या बाईंनी हुकूम पुन्हा वाचला. त्यात लिहिले होते की, ज्यात एकशे पाच सेंटिमीटरचे मूल पालकासोबत बसू शकते ते कौटुंबिक. साहेबांची नजर खिडकीतून भोवऱ्यावर गेली.

मी उभा राहून म्हणालो, "साहेब, भोवऱ्याला एकशे वीस लागतात."

"कुठे लिहिलंय?"

"जोकराच्या हातावर."

"मग त्याचा हात खाली घ्या."

मी सांगितले की हात मागच्या बाजूने स्क्रूने बसवलेला आहे आणि त्या जोडावर सरकारी तपासनिसांचे सील आहे. हात हलवला की सील तुटेल. साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "मग पाय कापा. पायांवर कुठे सील आहे?"

इथे हवालदारांनी लिहिणे थांबवून विचारले की, खरेच असे म्हणाले का. होय. साक्षीला सगळे कॅन्टीन आहे. पंधरा सेंटिमीटर कापायचे ठरले आणि सुताराला शनिवारी सकाळी बोलावले. नवा जोकर का नाही केला, असेही हवालदारांनी विचारले. त्याचे उत्तर असे की, परवान्यातली अट आहे, सील असलेले माप दारात नसेल तर भोवरा चालवायचा नाही. नवे माप करायचे म्हणजे तपासनीस येणार, दांडा खाली ओढून बघणार आणि पुन्हा एकशे वीसच लिहिणार. म्हणून साहेबांना जोकर जुनाच हवा होता, फक्त बुटका.

मी दुपारी त्यांना केबिनमध्ये भेटलो. म्हणालो, "साहेब, मूल खालून निसटेल."

"टेलर, तुम्ही कपडे शिवत होतात. इंजिनियर कधी झालात?"

"माप ते मापच असतं, साहेब."

"अहो, पालक शेजारी असतो ना? धरेल की तो."

"पालक स्वतःच उलटा असतो, साहेब."

त्यावर साहेबांनी फोन उचलून कानाला लावला. फोन वाजला नव्हता.

बुधवारी मला सुट्टी असते. त्या दिवशी घरी मशीनवर मी एक बाहुली शिवली. आत जुन्या गादीचा कापूस आणि वाळू. वजन अठरा किलो, उंची एकशे सात. माप कोणाचे घेतले, असे हवालदार विचारतात. घरात एकच आहे. नात मशीनजवळ ताठ उभी राहिली, मी टेप लावला, तेव्हा तिने विचारले, "आजोबा, मला फ्रॉक शिवताय?" मी हो म्हणालो. बाहुली तशीच उघडी न्यायला बरे वाटेना, म्हणून तिला नातीचा जुना पिवळा फ्रॉक घातला.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता, फाटक उघडायच्या आधी, भोवरा चालवणाऱ्याला सांगून मी बाहुलीला आत बसवले. शेजारी पालक म्हणून मी बसलो. दांडा माझ्या खांद्यांवर आला. तिच्या कानांशी राहिला. गोल फिरताना ती बसून होती, तिरके झाल्यावरही बसून होती. मी तिचा हात घट्ट धरला होता. शिवण माझी पक्की आहे, हात उसवला नाही. माझी मूठ सुटली. ती खालून निघाली आणि लाकडी घोड्यांच्या छपरावर जाऊन पडली. खाली झाडणाऱ्या बाईंनी पिवळा फ्रॉक पडताना पाहिला आणि त्या मटकन खाली बसल्या. त्यांची मी माफी मागितली आहे, इथेही मागतो.

त्यानंतर भोवरा थांबेपर्यंत दोन मिनिटे मी वरच होतो. आत कापूस आहे हे मला ठाऊक होते, मीच भरला होता, तरी माझा हात शेजारच्या रिकाम्या जागी तिला चाचपत होता. त्या दोन मिनिटांबद्दल यापेक्षा जास्त सांगायचे नाही.

साहेब आले, छपराकडे पाहिले आणि म्हणाले, "बाहुलीनं धरलं नव्हतं. खरी मुलं धरून बसतात." मग घबराट पसरवल्याबद्दल माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी खुलाशात उंची, वजन आणि पडल्याची जागा लिहून दिली. साहेब म्हणाले, हा खुलासा नाही, ही धमकी आहे. सुताराचे येणे काही रद्द झाले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता उद्यान बंद झाल्यावर मी पान्याने जोकराचे चार बोल्ट काढले, त्याला चादरीत गुंडाळला आणि मागच्या दाराने बाहेर नेला. मला कोणाची फूस नव्हती. दारावर पहारेकऱ्याने विचारले, "काय नेताय, टेलर?" मी म्हणालो, "जोकर." तो खो-खो हसला आणि त्याने दार उघडले. त्याला वाटले, मी साहेबांबद्दल बोलतो आहे. त्याचा यात दोष नाही.

मी बसने घरी गेलो. बसमध्ये अर्धे तिकीट उंचीवर ठरते, तशी रेघ दाराजवळ ओढलेली आहे. कंडक्टरने चादर बाजूला केली, जोकराला रेघेला टेकवून उभा केला आणि म्हणाला, "हा पूर्ण भरतोय, काका." मी पूर्ण तिकीट घेतले. इतक्या कसोशीने मोजणारा माणूस पाहून मला फार बरे वाटले.

घरी जोकर दाराआड ठेवला. पत्नीने विचारले, "हे ध्यान किती दिवस राहणार?" मी म्हणालो, बघू. सकाळी तिने त्याच्या हातावर ओला टॉवेल टाकला होता. शनिवारी सुतार करवत घेऊन आला तेव्हा कापायला काही नव्हते, म्हणून साहेबांनी इथे चोरीची तक्रार दिली. रविवारी दोन शिपाई घरी आले, टॉवेल काढून माझ्या हातात दिला आणि जोकर मुद्देमाल म्हणून जप्त केला. तो सध्या ठाण्यात कपाटाशेजारी उभा आहे. येणारा-जाणारा त्याच्या हाताखाली उभा राहून बघतो. हवालदारही उभे राहिले होते.

आज अकरा वाजता साहेब घाईघाईने ठाण्यात आले. उद्यापासून उद्यानात ‘समतोल सप्ताह’ आहे, पाहुणे यायचे आहेत, आणि दारात जोकर नाही म्हणून सातवी कौटुंबिक राइड बंद आहे. शिवाय मुद्देमाल निकालापर्यंत ठाण्यातच राहतो, हे त्यांना आज कळले. ते हवालदारांना म्हणाले, "चोरीबिरी काही नाही हो. टेलरांनी रंगवायला नेला होता. मीच सांगितलं होतं."

मी म्हणालो, "मी चोरला, साहेब."

"अहो टेलर, घरातली गोष्ट आहे. आपलं सगळ्यांचं एक कुटुंबच आहे ना?"

"पान्याने बोल्ट काढले, चादरीत गुंडाळला आणि मागच्या दाराने नेला. याला चोरीच म्हणतात."

"नोकरी जाईल तुमची! आत जाल या वयात!"

"जाईन."

हवालदार म्हणाले की, चोरी केलीच नाही म्हणणारे रोज येतात, केलीच आहे म्हणून अडून बसलेला मी पहिलाच. मी त्यांना विचारले, खटला किती दिवस चालेल. ते म्हणाले, दोन-तीन वर्षे सहज. तोवर आमची नात एकशे वीसच्या वर जाईल. पण तोवर दुसऱ्या कोणाच्या नाती एकशे सातच्या होतील, म्हणून तारखा पुढे पडत राहिल्या तरी माझी हरकत नाही.

मला नोकरीची गरज आहे. घरात मशीन आहे, दोन्ही हात धड आहेत, काहीतरी करीन. माझी विनंती एवढीच की, फिर्यादींना तक्रार मागे घेऊ देऊ नये, आणि जोकर कोणाच्याही सहीवर परत देऊ नये.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी ‘जोकर’चा ‘नोकर’ झाला होता, तो दुरुस्त केला. एका ठिकाणी त्यांनी माझ्या भल्यासाठी ‘चोरून नेला’ खोडून नुसते ‘नेला’ असे ठेवले होते. तिथे ‘चोरून’ हा शब्द मी हट्टाने परत घालून घेतला आणि त्यावर वेगळी सही केली. आता बरोबर आहे.