हॅन्डब्रेक ओढल्यावरचा शब्द

माझं नाव दत्ताराम, पण इथे शारजात सगळे मला दत्ताच म्हणतात, पठाण असो, मल्याळी असो, नाहीतर गोरा साहेब असो, पूर्ण नाव आता फक्त पासपोर्टावर आणि आईच्या रागात उरलंय. गाव आमचं देवगडच्या खाडीवर. बाबा तांडेल होते, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस, सुकाणू त्याच्या हातात आणि बाकीच्या सहा-सात जणांचा जीवही त्याच्याच हातात. मी काही होडीवर टिकलो नाही, मला समुद्र लागायचा, ओकून ओकून जीव जायचा, मग बाबाच म्हणाले, जा बाबा, तू जमिनीवर काय ते चालव. म्हणून मी ड्रायव्हर झालो. आधी गावात टेम्पो, आणि ब्याण्णव साली इकडे. आज इतकी वर्षं झाली, स्टिअरिंग काही हातातनं सुटलं नाही.

तर आमच्या घरात एक नियम होता, तो आधी सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. बाबांचा थोरला भाऊ होडीवर असताना एकदा होडी खाडीच्या तोंडाशी दिसली, धक्क्यावरच्या बायका ओरडल्या, पावली पावली, म्हणजे पोचली, आणि चुलीवर भात चढवायला पळाल्या, आणि तिथंच, समोर दिसतंय घर, तिथंच लाटेनं होडी उलटली. काका गेले. तेव्हापासून बाबांनी घरात सांगून ठेवलं, दोर बांधल्याबिगर पावलंव म्हणूचा नाय. धक्क्याला दोर बांधला, पाय जमिनीला लागला, की मगच तो शब्द तोंडातनं काढायचा. आम्ही शाळेतनं आलो आणि अंगणातनं ओरडलो ना की आलो आलो, तर आई सुपातले तांदूळ तसेच ठेवून उंबऱ्याकडे बघायची, आधी आत ये म्हणायची. बाकी घरात कसलं बंधन नाही, देवाचंही फार नाही, पण हे एक होतं.

आता तुम्हीच बघा, असल्या घरातला माणूस आला कुठे तर शारजात. शारजात भाडं कमी, म्हणून राहायचं इथे आणि काम दुबईत, आणि मधे तो रस्ता. काय सांगू तुम्हाला त्या रस्त्याचं. सकाळी निघालं की अल नहदापाशी जे थांबायचं ते थांबायचं. पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघत बघत माझे केस पांढरे झाले. ब्रेक, क्लच, ब्रेक, क्लच, डावा गुडघा त्यातच गेला. पोचायचं कधी, आणि पोचलं तर लगेच परत फिरायचं. दिवसभर तेच. हळूहळू माझं असं झालं की आपण कुठेतरी जातोय असं वाटायचंच बंद झालं.

अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला आमच्या कंपनीत फिनलंडचा एक इंजिनियर आला, पेक्का नाव. आमची कंपनी गोदामांमधनं मोठ्या क्रेन बसवायची, अल कुसैसला ऑफिस. पेक्कासाहेब, त्यांची मॅडम आणि पाच वर्षांची मुलगी, आयनो. कंपनीनं त्यांना शारजात फ्लॅट दिला आणि मला त्यांच्या गाडीवर टाकलं. सकाळी साहेबांना ऑफिसला सोडायचं, पुढे आयनोला दुबईत शाळेत सोडायचं. साहेब बोलायचे कमी, इतके कमी की पहिला महिनाभर मला वाटलं माझ्यावर नाराज आहेत. नंतर कळलं, त्यांच्याकडे सगळेच असे. पण पोरगी, बापरे. गाडी सुरू झाली की पाच मिनिटांत मागनं सुरू, ओल्लांको यो पेरिल्ला? साहेब म्हणायचे, एइ विएला. परत दोन मिनिटांनी, ओल्लांको यो पेरिल्ला? एइ विएला. अल नहदाच्या गर्दीत दीड-दीड तास हे. आणि ऑफिसच्या गेटात शिरलो तरी साहेब तेच, एइ विएला. मी गाडी लावायचो, हॅन्डब्रेक ओढायचो, चावी फिरवायचो, इंजिन बंद, की मग साहेब हळूच, जसं काही देवाला सांगतायत, म्हणायचे, पेरिल्ला ओल्लान. रोज.

शेवटी एक दिवस मी विचारलं, सर, व्हॉट इज धिस पेरिल्ला? ते म्हणाले, दत्ता, म्हणजे पोचलो. मुलगी विचारते पोचलो का, मी सांगतो अजून नाही. मी म्हटलं, पण सर, गेटात तर आपण आलेलो असतो, तेव्हा का नाही म्हणत? तर ते म्हणाले, आमच्याकडे थंडीत रस्त्यावर बर्फ असतो, काळोख असतो, गाडी दारातसुद्धा घसरते, माझे वडील इंजिन बंद केल्याशिवाय कधी म्हणायचे नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. मी त्यांना दोराचं सांगितलं. ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा मी त्या माणसाचे दात बघितले.

मग आयनो माझी मास्तरीण झाली. मला तो शब्द नीट येईना, शेवटचा आ आहे ना, तो आपल्या आसारखा नाही, तोंड आडवं फाकून काढायचा, ती मागच्या सीटवरनं पुढे वाकायची आणि आरशात मला तोंड करून दाखवायची. नो दत्ता, अगेन. बाजूच्या पिकअपमधला पठाण बघायचा आणि हातानंच विचारायचा, क्या हुआ? पण जमलं. मग मीच हॅन्डब्रेक ओढून म्हणायला लागलो आणि पोरगी टाळ्या वाजवायची. बघा, पोचल्यासारखं वाटायला लागलं मला. त्या एका शब्दानं.

आणि मग बाबांचं झालं. गावात फोन फक्त वाण्याच्या दुकानात, तिथनं फोन आला की बाबांची छाती भरलीय, दोन दिवस पोटात पाणी नाही, तुझं नाव घेतायत. पासपोर्ट कंपनीकडे असतो, तो निघायला आठवडा जातो, पण पेक्कासाहेब स्वतः ऑफिसात जाऊन उभे राहिले आणि दुपारपर्यंत पासपोर्ट माझ्या हातात. उजाडायला मुंबईत उतरलो. विमानतळाबाहेर बूथ होता, तिथनं वाण्याला फोन लावला. तो म्हणाला, अरे आहेत, आहेत, अजून आहेत, काय सांगू त्यांना? आणि मी म्हणालो, पावलंय म्हणून सांगा.

का म्हणालो? जीव उडालेला होता, वाटलं, ऐकून म्हाताऱ्याला जरा धीर येईल. दुसऱ्या कुणाच्या घरी काय झालं असतं? पोचला, म्हणजे मुंबईत पोचला, येईल संध्याकाळपर्यंत, असंच समजले असते. पण आमच्या घरात त्या शब्दाचा अर्थ एकच. दोर बांधला. पाय जमिनीवर. म्हणजे पोरगा गावात आलाय, एसटीतनं उतरलाय, आता पाखाडीच्या पायऱ्या चढतोय.

वाण्यानं जाऊन सांगितलं. बाबा उठून बसले. दोन दिवस डोळे न उघडलेला माणूस. म्हणाले, माझो झील पावलो, माका भायर बसवा. सगळे नको नको म्हणत होते, पण तांडेलच तो, ऐकतोय कुणाचं. दाढी करून घेतली, धुतलेला सदरा घातला, आणि पडवीत वाटेकडे तोंड करून बसले. पौषातला वारा, खाडीवरनं सरळ अंगावर येणारा. आई म्हणे, आत चला, तर म्हणायचे, इतक्यात येतलो. दुपार झाली. परत म्हणायचे, खंय ऱ्हवलो रे तो? आणि मी कुठे होतो, तर परळवरनं सुटलेल्या एसटीत, कशेडी घाटाच्या खाली. वर ट्रेलर आडवा झालेला, सहा तास रस्ता बंद. मी तिथं दगडावर बसून शेंगा खात होतो हो. मनात म्हणत होतो, चला, निरोप तरी पोचला.

दिवस मावळताना ते गेले. तिथंच, पडवीत, बसल्या जागी. मी दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घरी आलो. सगळे म्हणाले, दत्ता, वय झालेलं, आज ना उद्या जायचेच होते. असेल. पण आई एवढंच म्हणाली, तू पावलंय म्हणून सांगलंस मा रे? रागानं नाही. विचारल्यासारखं.

परत आलो, परत तीच गाडी, तोच रस्ता. पहिल्याच दिवशी अल कुसैसला हॅन्डब्रेक ओढला आणि साहेब सवयीनं म्हणाले, पेरिल्ला ओल्लान. मला काय झालं कुणास ठाऊक, मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायलाच लागलो. साहेब उतरले नाहीत. मी मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं, ते ऐकत राहिले, उगाच खांद्यावर थोपटणं नाही, सॉरी सॉरी नाही. आत मीटिंग होती, ती गेली. खूप वेळानं म्हणाले, दत्ता, तू खोटं नाही बोललास, तू लवकर बोललास. आणि उतरून गेले. हे माझ्या डोक्यात फार दिवस राहिलं.

त्या दिवसापासून साहेबांनी आणि मी तो शब्द बंद केला. पोरगीसुद्धा विचारेना, एवढंसं पोर, दीड तास खिडकीतनं बाहेर बघत बसायची. गाडी इतकी मुकी झाली की मलाच सोसेना. शेवटी एक दिवस गर्दीत मीच आरशात बघून विचारलं, आयनो, ओल्लांको यो पेरिल्ला? तिनं एकदा बापाकडे बघितलं आणि म्हणाली, एइ विएला, दत्ता. आणि हसली. मग सुरू झालं परत.

दोन हजार दोनमध्ये त्यांचं इथलं काम खलास झालं. मी एअरपोर्टवर सोडलं. आपल्याकडे कसं, माणूस निघाला की सांगतो, पोचल्याचा फोन कर, तसं मीही म्हटलं, सर, आफ्टर रीचिंग, फोन. माझा मोबाईल नंबर आयनोच्या वहीत लिहून दिला. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. म्हटलं, जाऊ दे, साहेब लोक, ते कुठे ड्रायव्हरला फोन करणार. इन्शाल्ला, सुखरूप असतील. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी अल नहदाला अडकलेलो, फोन वाजला. लांबलचक नंबर. आणि आतनं आयनो, जोरात, पेरिल्ला ओल्लान, दत्ता! मागनं साहेब. म्हणाले, माफ कर, उशीर झाला, विमान तर त्याच दिवशी उतरलं, पण आमचं घर तिथनं वर लांब आहे, वाटेत बर्फ फार, बहिणीकडे थांबावं लागलं. मॅडम म्हणत होत्या, विमानतळावरनंच फोन करून टाक, दत्ता वाट बघत असेल. मी तिला म्हटलं, एइ विएला. आता गाडी बंद केली, दार उघडलं, बूट काढले, म्हणून आता करतोय. काय सांगू तुम्हाला, पुढची गाडी कधीच गेलेली, मागनं हॉर्न, यल्ला यल्ला, चल चल म्हणून ओरडा, आणि मी तिथंच. माझं मी जे चुकवलं, ते त्या परक्या माणसानं माझ्यासाठी पाळलं.

त्यानंतरच्या सुट्टीला गावी गेलो. मधे दोनदा जाऊन आलो होतो, पण घरात तो शब्द कुणी काढत नव्हतं, मी गेलो की आई नुसतं पाणी द्यायची. या वेळी आत गेलो, चपला काढल्या, बॅग ठेवली, आईच्या पुढ्यात बसलो, आणि म्हणालो, पेरिल्ला. ती म्हणाली, ह्या काय? मी सगळं सांगितलं, पेक्काचं, बर्फाचं, फोनचं. म्हातारी ऐकत राहिली, मग माझ्या डोक्यावरनं हात फिरवून म्हणाली, ता त्येंचा झाला. तू सांग. दोर बांधलंस? मी म्हटलं, बांधलंय, आये. ती म्हणाली, मग म्हण. आणि मी म्हणालो, पावलंय. चार वर्षांनी. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि भात वाढायला उठली.

आता परत इथेच. अजून किती वर्षं, माहीत नाही. माझ्या पोरीचं शिक्षण आहे, गुडघा दुखतो, रस्ता तर आणखीच भरलाय, पूर्वी दीड तास लागायचा तिथे आता दोन. दमलो हो. पण सुट्टीवरनं आलो की खोलीचं दार आतनं लावल्याशिवाय आईला फोन करत नाही. आयनो आता मोठी झाली असेल, जिथे असेल तिथे सुखानं राहो, तिच्या वाटेवरचा बर्फ तिला न लागो. चला, चहा घ्या आणि निघा तुम्ही, गर्दी व्हायच्या आत. आणि हे बघा, पोचल्याचा फोन करा मला. पण रस्त्यातनं नको, लिफ्टमधनंही नको. घरात जा, चपला काढा, आणि मग करा. कितीही उशीर होऊ दे, मी थांबतो.