ब्रेक सेक्शनमधली खोटी साक्ष

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान डॉक्टरसाहेब, कामगार संघटनेचे सरचिटणीस, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या वकीलबाई, त्यांच्या मागे या मदत केंद्राचा कारभार हाती घेणाऱ्या धाकट्या वकीलबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. मी जरा जास्त घेईन. निवेदकांनी चिठ्ठी पाठवू नये, पाठवली तरी माझा चष्मा खाली राहिला आहे.

वकीलबाईंबद्दल बोलण्यासारखं किती आहे! बावीस वर्षं या बाईंनी या शहरातले जिने चढून आजारी माणसांच्या उशाशी बसून जबान्या लिहून घेतल्या. सरचिटणीस ते सगळं माझ्यापेक्षा चांगलं बोलून गेले आहेत. मी त्यांच्या एकाच खटल्याबद्दल बोलणार आहे, कारण आत्ता माझी ओळख करून देताना निवेदक म्हणाले, "ज्यांच्या निर्भीड साक्षीमुळे ब्रेक सेक्शनचा पहिला खटला जिंकला गेला." तुम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मी, सवयीने, हात जोडले.

निवेदकांचा यात काही दोष नाही. छापील पत्रिकेतही तेच आहे. आणि ती पत्रिका छापण्याआधी तपासायला माझ्याकडेच आली होती. मी एक राहिलेला काना घालून ती परत पाठवली.

तर मंडळी, खरं काय घडलं ते ऐका.

माझ्या ताईचं लग्न ठरलं तेव्हा दाजी एका छोट्या गॅरेजमध्ये होते. मी नुकताच बस डेपोत सुपरवायझर म्हणून लागलो होतो. ताई म्हणाली, "तुझ्या ओळखीनं त्यांना डेपोत घे ना, कायमचं होईल." मी शब्द टाकला. दाजी ब्रेक सेक्शनला लागले. माझ्यापेक्षा वयाने, मानाने मोठे. पण शेडमध्ये माझ्या हाताखाली. घरी मी त्यांना वाकून नमस्कार करायचो, आणि शेडमध्ये "मेस्त्री, किती वेळ?" म्हणून ओरडायचो. त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. जेवायच्या सुट्टीत एवढंच म्हणायचे, "साहेब, आता मेहुणा होऊन बसा जरा."

ज्यांनी ब्रेकचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बस जॅकवर चढवायची, चाक काढायचं, ड्रम काढायचा. आत लायनर, म्हणजे ब्रेकच्या पट्ट्या, झिजून झिजून राखाडी भुकटी साचलेली असते. हवेच्या नळीने एक फटकारा मारला की ड्रम लख्ख. भुकटी मात्र जाते कुठे? छताला जाऊन हळूहळू खाली येते. नवे लायनर बसवण्याआधी ग्राइंडरवर कडा घासायच्या, त्याची धूळ वेगळी. संध्याकाळी ब्रेक सेक्शनची माणसं बाहेर आली की आम्ही म्हणायचो, "आली बघा पिठाची गिरणी!" हसायचो. तेही हसायचे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, हसले की तेवढे ओठ लाल.

त्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं.

मला ते माहीत होतं का? हा प्रश्न मला न्यायालयात विचारला गेला, त्याचं खरं उत्तर आज देतो. दाजींच्या नोकरीला दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं. ड्रमला हवा मारू नये. भुकटी ओढून घेणारं मशीन वापरावं. ओल्या फडक्यानं पुसावं. ही धूळ छातीत गेल्यास जीवघेणा आजार होऊ शकतो. खाली सही करायची होती. मी वाचलं, सही केली. मशीनही आलं. आठवडाभर वापरलं. पण एका चाकाला वीस मिनिटं जास्त लागायची, आणि बस वेळेवर बाहेर पडली नाही की फोन मला यायचा. आठव्या दिवशी मी ते मशीन स्टोअरमध्ये ढकललं, कुलूप लावलं आणि म्हणालो, "बिघडलंय. चालू द्या तुमची हवा."

दाजी दोन-तीनदा म्हणाले, "साहेब, ते मशीन दुरुस्त होऊन आलं का हो?" मी म्हणालो, "बघतो." त्यानंतर ते सोळा वर्षं ब्रेक सेक्शनला होते.

पुढचं इथल्या बहुतेक घरांना पाठ आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी दाजींना जिना चढताना दम लागायला लागला. मग छातीत पाणी झालं. काढलं, पुन्हा झालं. डॉक्टरसाहेबांनीच, हे इथे बसले आहेत, तपासणी करून सांगितलं: मेसोथेलिओमा. फुफ्फुसावरच्या आवरणाचा कर्करोग. दाजींना तो शब्द उच्चारता यायचा नाही. ते म्हणायचे, "माझ्या आजाराचं नाव माझ्यापेक्षा शिकलेलं आहे."

वकीलबाई त्यांच्याकडे गेल्या. हा त्यांचा या आजाराचा पहिलाच खटला. चार वाक्यं बोलले की दाजींना थांबावं लागायचं. बाई थांबायच्या. तीन दुपारी बसून त्यांनी एका माणसाच्या सव्वीस वर्षांच्या कामाची हकीकत लिहून घेतली. डेपोचं म्हणणं होतं की आम्ही सगळी सुरक्षा दिली होती. सुरक्षा दिली नव्हती हे सांगितल्यावर न्यायालय मानेल असा एकच माणूस होता: फोरमन. तेव्हा मी फोरमन होतो.

मी साक्षीला उभा राहिलो. डेपोच्या बाजूने.

शपथ घेतली आणि सांगितलं की मशीन रोज वापरात होतं. इथवर निदान पढवलेलं तरी होतं. पण वकीलबाईंनी उलटतपासणीत विचारलं, "मशीन रोज वापरात होतं, तर शेडमध्ये धूळ का उडत होती?" याचं उत्तर मला कुणी पढवलं नव्हतं. मी म्हणालो, "काही कामगार आळस करायचे. सांगूनही मशीन घ्यायचे नाहीत." बाईंनी विचारलं, "कोण?"

मी बोटाने दाजींना दाखवलं.

माफ करा. जरा पाणी घेतो.

दाजी पहिल्या बाकावर बसले होते. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता, इतके वाळले होते. शेजारी ताई होती. खटला त्या साक्षीवर गेला. निकालपत्रात लिहिलं होतं की अर्जदार स्वतःच निष्काळजी होता, आणि हे त्याच्या जवळच्या नातेवाइकानेच सांगितलं असल्यामुळे अविश्वास ठेवायला कारण नाही. माझं नातं असं कामी आलं.

निकालाच्या दिवशी बाहेरच्या व्हरांड्यात दाजी भिंतीला टेकून दम घेत होते. मला पाहून म्हणाले, "तुझी नोकरी आहे अजून. तुला तसं म्हणावंच लागलं असेल." पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं होतं, धाकट्या भावाला करावं तसं. मी काहीतरी बोलायला गेलो तर ताई मध्ये आली. म्हणाली, "ते घेतील तुला सांभाळून. मी नाही घेणार. जा तू."

त्यानंतर दोन महिन्यांनी मी निवृत्त झालो. स्टोअर ताब्यात देताना मशीन निघालं. त्याची भुकटीची पिशवी मी उघडून पाहिली. तळाला चिमूटभर भुकटी, बाकी पिशवीच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. सोळा वर्षं रोज वापरलेलं मशीन!

मी त्या दुपारी वकीलबाईंकडे गेलो. मला वाटलं होतं, त्या एकतर हाकलून देतील नाहीतर पाठीवर हात ठेवतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. मी म्हणालो, "बाई, मला खरं सांगायचंय."

त्या म्हणाल्या, "मला सांगून उपयोग नाही, न्यायालयाला सांगावं लागेल. प्रतिज्ञापत्र करावं लागेल. खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो. मी त्यांची वकील आहे, तुमची नाही. तुम्ही आपला वकील बघा, विचार करा आणि या. फक्त एक सांगते. त्यांच्याकडे फार दिवस नाहीत."

मी विचार करायला घरी गेलो. भगिनींनो आणि बंधूंनो, मी चाळीस दिवस विचार केला.

काय विचार करत होतो? खरं सांगू? काहीच नाही. रोज कपडे करून बसायचो आणि उद्या जाऊ म्हणायचो. चौतिसाव्या दिवशी दाजी गेले. चाळिसाव्या दिवशी मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. माझी ती निर्भीड साक्ष, जिच्यासाठी आत्ता टाळ्या वाजल्या, ती ज्या माणसाला ऐकायची होती तो जिवंत असताना मी ती दिली नाही.

बाईंनी अपील केलं. मशीन, पिशवी आणि माझी सही असलेलं परिपत्रक न्यायालयासमोर आलं. पहिला निकाल फिरला. दाजी निष्काळजी नव्हते असं न्यायालयाने लिहून दिलं. त्याच निकालाच्या आधारे पुढे ब्रेक सेक्शनच्या एकतीस माणसांचे खटले उभे राहिले. माझ्यावर खटला झाला, वय पाहून सौम्य शिक्षा झाली. हे सगळं कागदावर आहे. पण कागद कोण वाचतं? लोकांनी एवढंच ऐकलं की फोरमन मालकाविरुद्ध उभा राहिला. मीही ते तसंच चालू दिलं.

पुढे मी केंद्रात काम मागायला गेलो तेव्हा बाईंना विचारलं होतं, "मला कसं ठेवून घेताय?" त्या म्हणाल्या, "मला लायनर ओळखणारा माणूस हवाय. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." नऊ वर्षांत त्यांनी या गोष्टीचा एका शब्दाने उच्चार केला नाही. तो मोठेपणा त्यांचा. त्या गप्प राहिल्या म्हणून मीही गप्प राहिलो, हा लहानपणा माझा.

आता शेवटचं, आणि हे सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

दाजींचे कपडे ताई धुवायची. आधी मागच्या गॅलरीत झटकायची आणि मग भिजवायची. सव्वीस वर्षं. डॉक्टरसाहेब नेहमी सांगतात की कपडे धुणाऱ्या बायकांच्याही छातीत ही धूळ जाते, त्यांचीही तपासणी झाली पाहिजे. आपल्या केंद्रात तशा कितीतरी जणी येऊन गेल्या. ताई आली नाही. गेल्या आठवड्यात मी बाईंना विचारलं, "ताईला निरोप पोचला नाही का?"

बाई म्हणाल्या, "तीनदा पोचला. त्या म्हणाल्या, दारातच तो बसलेला असतो. त्याला नाव सांगून आत जायचं असेल तर मला यायचं नाही."

केंद्रात शिरलं की पहिलं टेबल माझं. आलेल्याचं नाव, शेड, वर्षं मी लिहून घेतो. म्हणजे शेडमध्ये मशीनला कुलूप लावणारा मीच, आणि नऊ वर्षं माझ्या बहिणीची वाट अडवून बसणाराही मीच.

धाकट्या वकीलबाईंना मी काल लेखी कळवलं आहे. सोमवारपासून मी त्या टेबलावर नसेन. केंद्रातच नसेन. कुणाच्या लायनरचा तुकडा ओळखायचा असला तर तो माझ्या घरी पाठवा, मी लिहून देईन.

ताई, तू आज वकीलबाईंसाठी आली आहेस. खांबाजवळ बसली आहेस, ते मला इथे उभा राहिल्यावर दिसलं. मी तुझ्याकडे येणार नाही, तू उठूनही जाऊ नकोस. सोमवारी सकाळी दहा वाजता केंद्र उघडतं. डॉक्टरसाहेब त्या दिवशी असतात.

वकीलबाई, तुम्ही मला ठेवून घेतलंत, मी तुमचा ऋणी आहे. आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. वेळ जास्त घेतला, बोलता बोलता अडखळलो, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तेवढ्याबद्दल मला क्षमा करावी. फक्त तेवढ्याबद्दल. आणि कृपा करून, मी खाली उतरताना टाळ्या वाजवू नका.