गावाहून आलेलं पुरळ

सकाळी सव्वासहाला सुरू झालं बघा. आमच्या ह्यांनी अंघोळीसाठी बनियन काढलं आणि मी किंचाळलेच. पाठभर लाल पुरळ! ताप दोन दिवस होताच. मला वाटलं, गोवर. आमची परी आठ महिन्यांची, तिची गोवराची लस पुढच्या महिन्यात. तिला शेजारणीकडे ठेवलं आणि ह्यांना घेऊन माणिकपूरला दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "इतक्यात कुठे प्रवास केलात?"

"छे, कुठेच नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, रविवारीच तर कोकणातून आलात!"

"तो काय प्रवास? आईकडे गेलो होतो."

डॉक्टर हसले. "आईकडे कोणाला ताप?"

"अख्ख्या वाडीला. सगळ्यांचे सांधे धरलेत. माझेपण."

"मग आधी चिकुनगुनियासाठी रक्त तपासू."

रिपोर्टमध्ये तेच निघालं. मी भीत भीत विचारलं, "बाळाला लागेल का हो?"

"हात लावून नाही लागत. पण ह्यांना चावलेला डास बाळाला चावायला नको. बाळाला मच्छरदाणी लावता ना? आता ह्यांनाही लावा."

म्हणून सांगते, डॉक्टरांनी प्रवासाचं विचारलं की गावाला गेलेलंही सांगायचं. आपापल्या नवऱ्यांना आजच सांगून ठेवा, आणि शेजारणींनाही.