चार नंबरची काच

काकू, पाळकसाहेब, चर्च समितीचे सभासद, सोसायटीतले सगळे, नमस्कार.

हॉल भरलाय. चपला पार जिन्यापर्यंत गेल्यात. काकांना हे आवडलं असतं आणि चपला त्यांनी स्वतः ओळीत लावल्या असत्या. मला अशा सभेत बोलायची सवय नाही. आवाज नीट राहील याची खात्रीही नाही. म्हणून आधी घडलं तेवढंच सांगते, क्रमानं. आकडे घातले की मला बोलता येतं.

एक. गेल्या मंगळवारी दुपारी शमुवेल साळवे, म्हणजे आपले साळवेकाका, इथून बसनं जुन्या छावणीतल्या चर्चमध्ये गेले.

दोन. पश्चिमेच्या भिंतीला मोठी भेग आहे. तिच्याखाली त्यांनी स्टूल ठेवलं आणि वर चढले.

तीन. वरच्या कमानीच्या विटा सुटल्या.

चार. काका जागीच गेले. आत दुसरं कुणी नव्हतं.

पाच. त्या भिंतीला महिन्याभरापूर्वीच नगरपालिकेच्या पैशातून नवा रंग दिला होता.

सहा. पालिकेच्या तपासणी अहवालात लिहिलंय की भेग जुनी आहे, हालचाल नाही.

सात. अहवालातलं हे वाक्य चूक आहे. ते तसं का लिहिलं गेलं, हे या हॉलमध्ये आत्तापर्यंत फक्त मला आणि काकूंना माहीत आहे.

आता बाकीचं सांगते.

मी अनघा. काकांच्या खालच्या मजल्यावर राहते. इमारतींच्या मजबुतीची गणितं करणं हा माझा व्यवसाय. काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय इंजिनिअरबाई, आज किती मजले पाडले?" मी म्हणायची, "काका, मी बांधते." "बांधतेस ते गुडगावात. इथं तर जिना दणाणतेस नुसता."

काका सरकारी छापखान्यात प्रूफरीडर होते. निवृत्तीनंतर चर्चच्या देखभालीचं काम त्यांनी घेतलं. ज्यांनी ते चर्च पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. छावणीच्या काळातली विटांची, चुन्यात बांधलेली इमारत. दर रविवारी तिथं हिंदी उपासना असते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी आपली मराठी. त्या दिवशी दिल्लीभरातून मराठी घरं डबे घेऊन येतात. मी ख्रिस्ती नाही, पण काकूंच्या डब्यासाठी मीही जायची.

मग शेजारच्या प्लॉटवर मॉलचं काम सुरू झालं. तीन मजले जमिनीखाली. खड्डा कोरडा राहावा म्हणून पंप अखंड चालू. आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी उपसलं की जमीन बसते. जमीन बसली की जुन्या भिंतीचा पाया बसतो. चर्चच्या भिंतीला भेग पडली ती तेव्हा.

काकांनी पालिकेकडे दुरुस्तीसाठी अर्ज केला. मग दुसरा. मग तिसरा. प्रत्येक अर्ज फेअर केलेला, एकही खाडाखोड नाही. तिथला कारकून म्हणायचा, "अंकल जी, फिर आ गए? चर्च ऊपरवाले का है, ऊपर से ही मंजूर करा लो." काका म्हणायचे, "ऊपरवाले ने तो कर दिया बेटा, बस तुम्हारे साहब के साइन बाकी हैं." हे ते घरी येऊन रंगवून सांगायचे. आम्ही हसायचो.

मी काकांना म्हटलं, नुसते अर्ज नकोत, पुरावा देऊ. प्रयोगशाळेत वापरतात तशा काचेच्या पातळ पट्ट्या आणल्या. भेगेच्या दोन्ही काठांना धरून, आडव्या, सात पट्ट्या चिकटवल्या. एक ते सात नंबर टाकले. पद्धत साधी आहे. भेग रुंदावली की काच तडकते. तडकलेली काच म्हणजे भिंत हलतेय. एवढंच.

मी काकांना एक वही दिली. मी काय सांगितलं ते माझ्या शब्दांत नीट आठवतंय. "काका, तुटली तर नवी लावा आणि तारीख लिहा." तुटलेली तिथंच राहू द्या, नवी तिच्या शेजारी लावा, हे मी सांगितलं नाही. मला ते सांगायचं सुचलं नाही, कारण माझ्या कामातल्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. पण काका माझ्या कामातले नव्हते. चाळीस वर्षं चूक दिसली की ती काढून पान स्वच्छ करणारा माणूस होता तो. त्यांनी तुटलेली प्रत्येक काच काढली. काच चिकटवायला लावलेला जुना मसाला खरवडला. भिंत पुसली. नवी काच लावली. आणि वहीत सगळं लिहिलं.

पालिकेचे इंजिनिअर तपासणीला येणार असं कळलं. त्या दिवशी मी असायला हवं होतं. मला गुडगावात मीटिंग होती. काकांनी आदल्या दिवशी नाताळला झाडतात तसं चर्च झाडून घेतलं. दोन काचा तडकल्या होत्या, त्या बदलल्या. पाहुण्यांसमोर फुटका कप कुणी ठेवतं का? आणि वही? वही घरी होती. साहेबांना द्यायची म्हणून काका ती फेअर करत होते. अर्धी झाली होती.

इंजिनिअरनी सात काचा पाहिल्या. सातही शाबूत.

संध्याकाळी काकांचा फोन आला. इतके खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अनघा, साहेब म्हणाले, सब साबुत है अंकल जी, बिल्कुल फिट. पैसे मंजूर होतायत."

मी विचारलं, "कशासाठी?"

"रंग, दिवे आणि नवं गेट."

"आणि पाया?"

"त्याची गरज नाही म्हणाले."

मी विचारलं, "काका, तुटलेल्या काचा कुठं आहेत?"

"टाकून दिल्या की. कुणाचा हात कापेल."

मला त्या क्षणी सगळं कळलं. तडकलेल्या काचा हाच पुरावा होता, हे मी त्यांना समजावून सांगितलं. म्हटलं, उद्याच वही घेऊन पालिकेत जाऊ. काका म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हो म्हणालेत गं. आता चूक झाली म्हणून सांगितलं, तर हेही जाईल. रंग तरी होऊ दे. पाया पुढच्या वर्षी मागू."

आणि मी म्हटलं, "बरं."

एक शब्द. भिंत हलतेय हे मला माहीत होतं. काकांना नुसतं दिसत होतं, मला माहीत होतं. मी "बरं" म्हटलं.

त्यानंतर भिंतीला रंग लागला. छान दिसत होती.

वहीतली शेवटची नोंद सोमवारची आहे. काकांच्या टपोऱ्या अक्षरात. "चार नंबर. पुन्हा गेली. नवी लावणे." मंगळवारी ते त्यासाठीच स्टुलावर चढले होते. त्यांच्या खिशात नवी काच सापडली. तसं पंचनाम्यात आहे.

आता समितीच्या पाच सभासदांशी बोलते. येत्या सोमवारी पालिकेची बैठक आहे. कमान बुजवून, गिलावा करून, पुन्हा रंग द्यायचा आणि चर्च उघडायचं, असा प्रस्ताव आहे. आधार तोच अहवाल, हालचाल नाही. पायाच्या दुरुस्तीला पैसे नाहीत. म्हणजे पुढच्या दुसऱ्या रविवारी आपण सगळे डबे घेऊन त्याच भिंतीखाली बसणार.

तो अहवाल खोडून काढणारी एकच गोष्ट आहे. ही वही. पण वही दिली की काचा काकांनी बदलल्या हे उघड होणार, आणि मला माहीत असून मी गप्प राहिले हेही. माझं निवेदन मी लिहून, सही करून आणलं आहे. मघाशी जिन्यात कुणीतरी म्हणालं, "गेलेल्या माणसाच्या माथी कशाला मारायचं?" मलाही तेच वाटलं होतं. काल मी काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते प्रूफरीडर होते गं. चूक सापडली की चालू छपाई थांबवायचे, साहेबांचा ओरडा खायचे. आणि तू ती झाकणार? सभेत सांग. माझ्यासमोर सांग."

काकू, सांगितलं.

साळवेकाका, तुम्ही सगळं लिहून ठेवलंत. माझा नमस्कार घ्या.

आपण उभे राहून दोन मिनिटं शांत राहू या. त्यानंतर वही आणि माझं निवेदन या टेबलावर ठेवते. दोन्ही पालिकेला द्यायला अर्जदार म्हणून चर्च समितीची सही लागते. सही करणार की नाही, हे समितीनं मला शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावं.