गोधडीसकट वजन

(उंद्री. सकाळ. आशाताई पुष्पांजली, भागवत आणि त्याची सासू झुंबरबाई; तिच्या मांडीवर भागवतची तान्ही लेक.)

पुष्पांजली : काटा बरोबर आहे, भागवतभाऊ. तीनदा मोजलं. एक किलो सहाशेच.

भागवत : मागच्या हप्त्यात एक किलो नऊशे होतं.

पुष्पांजली : ते तुम्ही फोनवर सांगितलं. मी ट्रेनिंगले होते. कसं मोजत होते?

झुंबरबाई : किराण्याच्या काट्यावर. गोधडीत गुंडाळून. नागडी ठेवाव का साऱ्या गावासमोर? सातव्याच महिन्यात जन्मलेली पोर, वरून आईबिगर. नजर लागाले किती वेळ लागते?

पुष्पांजली : पहिले दुपट्यात, मग थंडी पडली तं गोधडीत. हो ना?

झुंबरबाई : मंग! माह्या योगिनीच्या लुगड्याची हाय.

पुष्पांजली : मावशी, गोधडी वाढली. पोर तिथंच आहे. अशा लेकरांचं वजन वाढलं नाही तं डोळ्याच्या पडद्याले धोका असतो. डॉक्टर त्याच्यावरूनच अंदाज काढतात, कोणाले लेझर लागीन. तुमचे आकडे पाहून हिची तपासणी पुढं ढकलली त्यांनी.

झुंबरबाई : जावईबापू, तुम्हाले ठाव नव्हतं ना?

भागवत : होतं, मामी. सिस्टरनं बजावलं होतं, कपडे काढून मोजा म्हणून.

झुंबरबाई : मंग काऊन असं केलं?

भागवत : आकडा वाढला का बुलढाण्याच्या दवाखान्यात जा लागत नव्हतं. योगिनी त्या दवाखान्यात पायी चालत गेली होती. मी डबा घेऊन आलो तं चादरीत बांधून ठेवली होती.

पुष्पांजली : भाऊ, डोळ्याचे डॉक्टर बुलढाण्याले बुधवारीच येतात. आज बुधवार आहे. एक वाजेपर्यंत बसतात.

भागवत : पुढच्या बुधवारी नेतो. शपथ.

पुष्पांजली : तोवर पडदा सुटला तं मग कोणाच्या हातात काही राहत नाही.

भागवत : अन् आजच म्हणाले का उशीर झाला, तं?

पुष्पांजली : ते मले नाही सांगता येत.

झुंबरबाई : उठा बापू. मी येतो संग.

भागवत : नका येऊ, मामी. तुमच्यानं नाही पाहवणार तिथं. आणा तिले इकडं.

पुष्पांजली : मी फोन लावते. खरं वजन सांगा लागीन त्याइले. काय सांगू, चुकून झालं?

भागवत : नाही. बापानं खोटं सांगतलं म्हणा.